खेकड्याच्या पोटातली मोटर

मित्रांनो, मी एक जुनी वायपरची मोटर आहे. पावसात गाडीच्या काचेवर काळी पट्टी इकडून तिकडे नाचते ना, तिला नाचवणारी मी. पट्टी सगळ्यांना दिसते, मी मात्र पत्र्याच्या आड असते. सोललेल्या नारळाएवढं माझं अंग. एका बाजूला गोल डबा, त्यात लोहचुंबक आणि तांब्याची तार. दुसऱ्या बाजूला चपटी पेटी, त्यात एक दातेरी चाक. वीज आली की तार फिरते, तार चाकाला फिरवते आणि चाक पट्टीला. एवढाच माझा संसार.

माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यातला. तिथल्या एका बाईंनी माझी तार गुंडाळली. वेढे चुकू नयेत म्हणून त्या ओठातल्या ओठात आकडे म्हणत. मधे कुणी हाक मारली तर उत्तर द्यायच्या नाहीत, नुसती मान हलवायच्या. त्यांनी मला पहिल्यांदा वीज लावली तेव्हा मी इतकी जोरात फिरले की टेबलावरून उडी मारणारच होते. त्यांनी मला हातानं दाबून धरलं आणि हसून शेजारच्या खोक्यात ठेवलं.

त्या खोक्यातून मी पोचले पिराजीच्या जीपमध्ये. पिराजी शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचा शेतकरी. घरचं रान म्हणजे दीड एकर शेत, म्हणून शेती सांभाळून तो वडापची जीप चालवायचा. वडाप म्हणजे माणसं भरली की सुटणारी गाडी. आमच्याकडं तिला वेळापत्रक नसतं, पण ती चुकतही नाही. शिरोळहून निघायचं, हातकणंगल्याला थोडं थांबायचं आणि कोल्हापूर गाठायचं. आत दवाखान्याला निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, मांडीवर कोंबडी घेतलेले पाहुणे, सगळे दाटीवाटीनं बसलेले असत. पावसाळ्यात आमच्याकडं पाऊस नुसता पडत नाही, तो ओतला जातो. तेव्हा पिराजीचे डोळे म्हणजे मी. एका पावसात त्यानं अडलेल्या बाईला कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचवलं. दोन तास मी एक क्षण थांबले नाही. उतरल्यावर त्यानं काचेखालच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि चहाला गेला. पिराजी फारसा बोलणारा माणूस नव्हे. त्या दोन थापा मला पुष्कळ झाल्या.

पुढं त्याचे गुडघे दुखू लागले, जीपही थकली. भंगारवाला जीप न्यायला आला त्या सकाळी पिराजीनं पाना घेतला, मला खोलून काढलं आणि पिशवीत टाकलं. का ठेवलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

ती पिशवी गोठ्यात खुंटीला टांगली गेली आणि तिथंच राहिली. पाऊस आला, गेला. माझ्या अंगावर गंज चढला. एक दिवस पिराजीच्या बायकोनं, बयाबाईनं, मला पिशवीतून काढलं. तिला कोंबड्या झाकायच्या डालग्यावर, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीवर, ठेवायला काहीतरी जड हवं होतं. मित्रांनो, ज्या मोटरनं कृष्णाकाठचे पाऊस पुसले, ती पुढं तीन वर्षं सात कोंबड्यांवर बसून होती. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, पहिले काही दिवस वाटलं. मग कोंबड्यांची सवय झाली.

त्या घरात आणखी एक माणूस होतं. पिराजीची नात, वर्षाराणी. ती गावातल्या मराठी शाळेत सातवीला होती. वर्गात ती बोलायची नाही. धडा वाचायला सांगितला की तिचा आवाज घशात अडकायचा, आणि प्रश्नाचं उत्तर येत असूनही तिचा हात बाकाखालीच राहायचा. पण घरी सातही कोंबड्या तिच्या एका हाकेवर डालग्यात शिरत. सायकलची साखळी उतरली, नळाचा वायसर गेला, तर शेजारीपाजारी तिलाच बोलवत.

त्या वर्षी शाळेत अवंतिका मॅडम आल्या. त्या कोल्हापूर शहरातल्या. रोज एसटीनं यायच्या, खांद्याला एक मोठी पिशवी, आणि पिशवीत वहीपुस्तकापेक्षा पक्कड, चिकटपट्टी आणि वायरीच जास्त. शाळेच्या मैदानात करंजाचं मोठं झाड आहे. दर शनिवारी दप्तर नसायचं, तेव्हा मॅडम वर्ग त्या झाडाखाली भरवायच्या. बसायला सपाट दगड, फळा खोडाला दोरीनं बांधलेला. तिथं मुलांनी सावली मोजून झाडाची उंची काढली. पहार टेकवून एकट्या मुलीनं भलामोठा दगड हलवला. बाटलीत माती आणि पाणी घुसळून वाळू कुठं बसते, गाळ कुठं बसतो ते पाहिलं. शेजारी परसबागेचे चार वाफे होते, ते मुलांचेच.

एका शनिवारी मॅडमनी सांगितलं, की घरात बंद पडलेलं जे काही असेल ते घरच्यांना विचारून घेऊन या. आपण त्याचं यंत्र करू, आपल्या सांगण्यावरून चालणारं.

त्या दिवशी वर्षाराणी घरी आली ती थेट डालग्यापाशी. तिनं मला उचललं मात्र, सातही कोंबड्या बाहेर. एक बयाबाईच्या डोक्यावरून गेली. बयाबाई ओरडायच्या आत वर्षाराणी म्हणाली, "आज्जी, तुला दगड आणून देतो की. मला ही पायजे."

आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, 'देतो', 'येतो', 'करतो'. ऐकणाऱ्याला वाटतं भांडण चाललंय, पण ते मागणं असतं. बयाबाईनं पिराजीकडं पाहिलं. पिराजीनं मान हलवली. असा माझा डालग्यावरून झाडाखाली प्रवास झाला.

झाडाखाली माझ्यासारखे पुष्कळ जमले होते. मुके रेडिओ, पाय गेलेले खेळण्यातले ट्रॅक्टर, एक भुंडा पंखा. माझं झाकण तीन स्क्रूंनी बंद होतं आणि तिन्ही गंजलेले. वर्गातला राजवीर हातोडा घेऊनच आला. तो मनानं चांगला, पण त्याला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असायचं. वर्षाराणीनं त्याचा हातोडा बाजूला ठेवला, स्क्रूंवर रॉकेलचे थेंब सोडले आणि मला फडक्यात गुंडाळून ठेवून दिलं. पुढच्या शनिवारपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या शनिवारी तिन्ही स्क्रू हातानं निघाले. आत ग्रीसचं मेण झालं होतं आणि एका कोळ्यानं घर केलं होतं. तिनं कोळ्याला काडीनं करंजाच्या खोडावर नेऊन सोडलं. मग जुन्या ब्रशनं माझा दात न् दात घासला. फवारणी पंपाची बॅटरी आणून दोन तारा लावल्या. मी हलले नाही. तिनं पुन्हा लावल्या. मी हलले नाही. मुलं पांगायला लागली. तिनं तारा काढल्या नाहीत, फक्त माझं चाक बोटांनी किंचित पुढं ढकललं.

आणि मी फिरले. इतक्या वर्षांनी तारेतून ती ऊब गेली, अंग शहारलं, आणि मी घरघर करत फिरायला लागले. पांगलेली पोरं धावत परत आली. झाडावरचे पक्षी उडाले. वर्षाराणीनं हसू लपवायला हात तोंडावर नेला आणि ग्रीसच्या मिशा उमटल्या. मॅडम म्हणाल्या, की आता हिनं काय काय केलं ते हीच सांगेल. आणि त्या मिशांसकट ती उभी राहिली आणि बोलली. अडखळत बोलली, पण शेवटपर्यंत बोलली. मी तिच्या हातातच होते.

राजवीरच्या मामाचं गॅरेज होतं. त्यानं तिथून माझ्यासारखीच, पण माझ्याहून तरुण मोटर आणली. बालवाडीतल्या मोडक्या खुर्चीचा लोखंडी सांगाडा, लहान मुलांच्या सायकलीची चाकं, पाठीवर बॅटरी, अशी आमची बुटकी गाडी झाली. मॅडमनी तळहाताएवढी एक हिरवी सर्किटची पट्टी आणली. मुलं तिला मेंदू म्हणत. मॅडमच्या लॅपटॉपवर मुलं सूचना लिहायची, 'पुढं जा', 'थांब', 'डावीकडं वळ', आणि पट्टी त्या आम्हाला ऐकवायची.

पण पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. एक मोटर पुढं आणि दुसरी मागं फिरवली की ठिणगी पडायची. सगळे मेंदूला दोष देत होते. वर्षाराणी पोटावर झोपून आमच्याकडं बघत राहिली. जीपमध्ये माझी एक तार थेट पत्र्याला जोडलेली असायची, कारण माझं लोखंडी अंग हीच माझी दुसरी तार आहे. आम्ही दोघी एकाच लोखंडी सांगाड्यावर बसलो होतो, म्हणजे आमच्या तारा एकमेकींना भिडत होत्या. तिनं सायकलची जुनी ट्यूब कापली आणि आम्हा दोघींच्या खाली रबराच्या गाद्या घातल्या. फ्यूज पुन्हा उडाला नाही.

मग आम्ही चाललो, पण तिरक्या. माझ्यात जोर कमी, जोडीदारणीत जास्त. सरळ जा म्हटलं तरी गाडी आडवी जाऊन अंबादास सरांच्या पायावर चढली. अंबादास सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी पाय काढून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, हा तर खेकडा. तेव्हापासून गाडीचं नाव खेकडा पडलं. पुढं वर्षाराणीनं लॅपटॉपवर एक आकडा बदलला. तिनं मला जास्त जोर लावायला सांगितलं नाही, जोडीदारणीला जरा हळू चालायला सांगितलं. खेकडा सरळ चालू लागला. नाव मात्र तेच राहिलं.

ते दिवस आनंदाचे होते. आम्ही मैदानात गोल काढले, मुलांनी त्यांचे परीघ मोजले. आम्ही पाण्याच्या बाटल्या ओढल्या. पहिलीची पोरं आमच्यामागून रांगेनं चालायची.

मग परसबागेत एक गोष्ट लक्षात आली. चारांपैकी तीन वाफ्यांत मेथी वर आली, चौथ्यात आलीच नाही. मुलांनी चारही वाफ्यांची माती पाण्यात कालवली आणि प्रत्येक पाण्यात बॅटरीच्या दोन तारा बुडवून छोटा दिवा लावून पाहिला. तीन पाण्यांत दिवा मिणमिणला. चौथ्यात चांगला लखलखला. पाण्यात क्षार जास्त असले की वीज सहज पार होते, असं मॅडमनी समजावलं. त्या वेळी पिराजी कुंपणापलीकडं त्याच्या रानात उभा होता, कारण त्याचं दीड एकर शाळेला लागूनच आहे. तो आत आला, चौथ्या वाफ्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला. "खारट," दिव्याचंच उत्तर त्यानं एका शब्दात दिलं.

पण तो हसत नव्हता. त्याच्या रानावरही पांढरी खपली धरायला लागली होती. आमच्या भागात उसाला पाणी फार, आणि जास्तीचं पाणी जमिनीतले क्षार वर आणतं. म्हणून गावानं काही वर्षांपूर्वी रानांखाली भोकं असलेले पाईप पुरले होते. ते सगळे एका दीड फुटी सिमेंटच्या पाइपाला मिळत, आणि तो मोठा पाईप शाळेच्या मैदानाखालून ओढ्याला जाई. आता ओढ्याकडच्या तोंडातून थेंबभर पाणी येत होतं. पाईप कुठंतरी तुंबला होता.

गावाची बैठक भरली. ठरलं, की सोमवारी जेसीबी आणायचा आणि पाइपाची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरायची. पाईप करंजाच्या बाजूनंच जात होता, म्हणजे झाड जाणार. झाडाखालचा वर्गही जाणार. आणि हे सगळ्यात आधी बोलून दाखवणारा होता पिराजी.

त्या संध्याकाळी वर्षाराणी जेवली नाही. तिनं आजोबांना विचारलं, झाड तोडल्याशिवाय चालणार नाही का. पिराजी रागावला नाही. तो म्हणाला, "झाड परत लावता येतंय बाळा. रान एकदा मेलं की मेलं. तुझं बी त्याच्यावरच भागतंय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गावातल्या आणखी अकरा घरांची रानं त्याच पाइपावर होती. दुसऱ्या दिवशी तिनं हे सगळं मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिची समजूत काढली नाही. एवढंच विचारलं, की पाईप नेमका कुठं तुंबलाय, हे कुणी बघितलंय का?

कुणी बघितलं नव्हतं. दीड फुटाच्या पाइपात माणूस शिरत नाही, आणि मुलाला तर शिरू द्यायचंच नाही. मग सगळ्यांच्या नजरा आमच्याकडं वळल्या. अंबादास सर बैठकीतल्या माणसांकडं गेले आणि त्यांनी शनिवारचा एक दिवस मागून घेतला. सोमवारी जेसीबी येणारच होता, त्याच्या आत काय करायचं ते करा, असं त्यांना सांगण्यात आलं.

तयारीला चार दिवस मिळाले. राजवीरनं गॅरेजमधून, गाडी मागं घेताना लावतात तो कॅमेरा आणि त्याचा छोटा पडदा आणला. मोटारसायकलचा दिवा पुढं बसवला. पाइपात बिनतारी सूचना पोचत नाहीत, हे मुलांनी आधीच बूड गेलेल्या पत्र्याच्या बादल्या रांगेत आडव्या मांडून तपासलं होतं. म्हणून लांब तार जोडली. मागं एक दोरी बांधली, दर फुटाला गाठ, दर पाच फुटांना लाल चिंधी.

शनिवारी सकाळी ओढ्याच्या काठावर निम्मं गाव जमलं. पिराजी हाताची घडी घालून उभा होता. वर्षाराणीनं आम्हाला पाइपाच्या तोंडाशी ठेवलं, माझ्या अंगावरचा चिखल ओढणीच्या टोकानं पुसला आणि बटण दाबलं.

मित्रांनो, आत काळोख होता आणि गार होतं. पायाखाली बोटभर गाळ. दिव्याच्या उजेडात सिमेंटच्या ओल्या भिंती चमकत होत्या. आम्ही दमानं चाललो. दहा फूट, वीस फूट. चाळीस फुटांवर एक बेडूक बसला होता. तो हलेना, आम्हाला जाता येईना. मागून मुलांचं हसू ऐकू आलं. शेवटी त्यानंच वाट दिली. बासष्टाव्या फुटापर्यंत पाईप साफ होता. त्रेसष्टाव्या फुटावर समोर पडदा लागला. केसांसारखा दाट, तपकिरी, ओला पडदा. त्यातून पाणी ठिबकत होतं. माझं चाक त्यात शिरलं आणि गुंतलं. मागं या म्हणून सूचना आली, पण मला मागं येता येईना. दोरी ताणली गेली. सुटका नाही.

बाहेर काय झालं ते मला राजवीरनं नंतर सांगितलं, आणि पुष्कळदा सांगितलं. कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यात आधी वर्षाराणीच्या हातात होता. मोठी माणसं मागं होती, त्यांना नीट दिसत नव्हतं. राजवीर तिच्या कानाशी पुटपुटला, चिंध्या असतील, चिंध्या म्हण. कारण त्यालाही कळलं होतं. परसबाग खणताना तशी मुळं दोघांनी कितीदा तरी पाहिली होती. ज्या झाडासाठी हे सगळं चाललं होतं, त्याच झाडानं पाईप तुंबवला होता.

वर्षाराणी क्षणभर पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं तो उचलून पिराजीपुढं धरला.

"आबा, मुळ्या हायत. आपल्या करंजाच्याच."

मागून एकदोघं म्हणाले, बघा, म्हणजे झाड तोडायचंच. राजवीरनं मान खाली घातली. पिराजी पडद्यात वाकून बराच वेळ बघत होता. मग त्यानं नातीला विचारलं, "सगळ्या पायपात हायत का?"

"न्हाय," ती म्हणाली, "एका सांध्यातनं आत आल्यात. तिथवर पाईप स्वच्छ हाय. ती जागा घावली तर तेवढंच उकरायचं. तेवढाच सांधा बदलायचा."

तिचा आवाज निम्म्या गावापुढं घशात अडकला नव्हता. पण जागा नेमकी सापडायला हवी होती. पाईप मधे वळतो, दोरी सैल असते, वरून मोजलं तर चार-सहा फुटांची चूक होणार. तेव्हा तिला झाडाखालचा एक धडा आठवला, की आवाज हवेपेक्षा लोखंडातून जास्त स्पष्ट येतो. पहार जमिनीत ठोकायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा, आणि खाली मोटर चालू ठेवायची.

यात एक अडचण होती, आणि ती तिला माहीत होती. मोटरचं चाक अडकलेलं असताना वीज सोडली की तार तापते. जास्त तापली की जळते. तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, की मोटर तुझी आहे, तूच ठरव. जोडीदारणीचं चाक मोकळं होतं, पण ते हवेत उचललं गेलं होतं आणि गुपचूप फिरत होतं. आवाज करणारी होते ती मीच, कारण मी मुळांशी झगडत होते.

मला तिनं विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं. तिनं दोन क्षण वीज सोडली, दोन क्षण थांबली. पुन्हा सोडली. माझ्या अंगाला चटका बसत होता. वर मैदानात पिराजी स्वतः पहार ठोकत होता. पहिल्या जागी कान लावला, काही नाही. दुसऱ्या जागी काही नाही. माझ्या तारेवरचा रंग करपायला लागला होता आणि तो वास मलाच येत होता. तिसऱ्या जागी पिराजीनं कान लावला आणि हात वर केला. सगळे गप्प झाले. मग तो हळूच म्हणाला, "घरघरतीया."

वर्षाराणीनं ताबडतोब वीज बंद केली.

जागा करंजाच्या खोडापासून अकरा फुटांवर होती. जेसीबीची वाट कुणी बघितली नाही. सहा माणसांनी फावडी घेतली. दुपारपर्यंत चारेक फुटांचा खड्डा झाला आणि पाईप दिसला. सांध्याला तडा गेला होता आणि त्यातून अंगठ्याएवढी दोन मुळं आत शिरली होती. पिराजीनं विळ्यानं ती कापली आणि गुंतवळ ओढून काढली. मागं किती दिवसांचं पाणी तटून उभं होतं! ते असं उसळलं की सहाही माणसं चिखलानं न्हाऊन खड्ड्याबाहेर पळाली, आणि खेकडा, मी, जोडीदारीण, कॅमेरा, सगळे पाण्याबरोबर त्रेसष्ट फूट वाहत जाऊन ओढ्यात आदळलो. मुलांनी आम्हाला उचलून नाचवलं. बयाबाई सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली होती, ती चिखलानं भरलेला नवरा बघून इतकी हसली की किटली खाली ठेवावी लागली.

पुढच्या आठवड्यात तेवढ्या जागी सांधे नसलेला अखंड प्लास्टिकचा पाईप बसला. करंज उभाच राहिला. दोन मुळं गेली, त्याचं त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही, चैत्रात नवी पालवी फुटलीच. पिराजीचं रान एका वर्षात सुधारलं नाही, तशी जमीन सुधारत नाही. पण पांढरी खपली पुढं सरकायची थांबली आणि गेल्या हंगामात एका कोपऱ्यात ताग चांगला उगवला.

माझी तार मात्र जळली होती. वर्षाराणीनं झाकण उघडलं तेव्हा तांबं काळं पडलं होतं. ती बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. पिराजी मला कोल्हापूरला तार भरणाऱ्या कारागिराकडं घेऊन गेला. त्यानं नवी तार भरली आणि स्पष्टच सांगितलं, की जीव येईल, पण पहिल्यासारखा जोर येणार नाही. पिराजी म्हणाला, "हिला आता वडाप चालवायची न्हाय. जीव आला तरी बास."

आता खेकड्याला नव्या मोटरी आहेत. शेजारच्या तीन गावांतून त्याला बोलावणं आलं आणि मुलं मॅडमबरोबर जाऊन तिथले पाईप बघून आली. माझी जागा करंजाखालच्या एका सपाट दगडावर आहे. माझं झाकण काढून ठेवलेलं असतं, म्हणजे लहान मुलांना दातेरी चाक दिसतं, हात लावता येतो. मित्रांनो, आयुष्यभर मी पत्र्याच्या आड राहिले. आता सगळं गाव माझ्या पोटात डोकावून जातं, आणि मला ते फार आवडतं.

तुमच्याकडं माझं मागणं एवढंच. घरात काही बंद पडलं, तर लगेच भंगारात देऊ नका. मोठ्यांना विचारा, वीज काढून घ्या आणि उघडून बघा. गंजलेल्या स्क्रूला हातोडा मारू नका, त्याला वेळ द्या. आणि उघडल्यावर आत जे दिसेल, ते तुम्हाला नको असलेलं असलं, तरी तेच सांगा. चुकीची जागा सांगितली तर सगळं मैदान उकरावं लागतं.

वर्षाराणी आता नववीला आहे, मोठ्या शाळेत जाते. शनिवारी मात्र झाडाखाली येतेच. गेल्या शनिवारी तिसरीतली तेजस्वी एक बंद पडलेला खेळण्यातला ट्रॅक्टर घेऊन आली आणि तिच्यापुढं धरून म्हणाली, "ताई, ह्यो का चालंना?"

वर्षाराणीनं ट्रॅक्टर उलटा करून पाहिला. तिला कळलं होतं, मलाही दिसत होतं. ती सांगायला तोंड उघडणार तोच थांबली. तिनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, तेजस्वीच्या हातात दिला आणि शेजारच्या दगडावर बसली.

तेजस्वीनं पहिला स्क्रू उलटा फिरवला. तो आणखी घट्ट बसला. मग तिनं जीभ ओठाबाहेर काढली, हात दुसऱ्या बाजूला वळवला, आणि स्क्रू हलला.